किल्ली मी मारली

आमच्या ताईला दिवाळी अंकांचा भारी नाद. फराळाचे डबे भरून झाले की ती अंक घेऊन बसते आणि आधी हे पान काढते. भावाच्या लेखणीचे कौतुक म्हणून नव्हे, यंदा आपल्या घरातले काय काय चव्हाट्यावर आले आहे ते तपासायला. मागे एकदा मी तिच्या विहिरीवरच्या पंपाबद्दल या सदरात लिहिले, तेव्हा तिने फोन करून सुनावले होते, “पंप माझा, खर्च माझा आणि शहाणपण तुझे होय रे?”

यंदा जे लिहितो आहे ते तिला अजून ठाऊक नाही. गेल्या माघापासून मी आणि तिच्या मुलाने ते पोटात ठेवले आहे. तोंडाने सांगायचा धीर झाला नाही, म्हणून छापून सांगतो.

भाच्याकडे एक पिकअप आहे. आमच्या बोईसरला पिकअप ही काही नवलाची चीज नव्हे. १९६९ साली तारापूरची अणुवीज सुरू झाली, पाठोपाठ औद्योगिक वसाहत वाढली, आणि भातखाचरांमधले हे स्टेशन बघता बघता कारखान्यांचे गाव होऊन बसले. आता नवापूर नाक्यावर सकाळी उभे राहावे तर माणसे कमी आणि मालगाड्या फार, अशी स्थिती. भाचा दिवसा वसाहतीत या कारखान्यातून त्या कारखान्यात खोकी आणि पिंपे पोचवतो. मिरचीचा हंगाम आला की रात्री वाणगावची मिरची वाशीच्या बाजारात नेतो. मिरचीचा भाडेकरी हा मोठा कडक गृहस्थ असतो. माल पहाटेच्या आत बाजारात पोचला तर भाडे, नाही तर नुसती मिरची.

पौषापासून गाडीने एक खोड काढली होती. किल्ली फिरवावी तर इंजिन फिरण्याऐवजी खालून नुसता आवाज यायचा, “टक्!” दुसऱ्यांदा फिरवावी, पुन्हा टक्. पाचव्या-सहाव्या खेपेला जणू काही झालेच नाही अशा थाटात इंजिन चालू व्हायचे. भाच्याने मला विचारले. आता विजेचा प्रश्न मला विचारणे म्हणजे आचाऱ्याला मिठाचे प्रमाण विचारण्यासारखे आहे. पंचवीसहून अधिक वर्षे मी वसाहतीतल्या एका कारखान्याच्या इलेक्ट्रिक खात्यात काढली. मी खाटेवरून न उठता निदान केले : “बॅटरी उतरली तुझी. नवी घाल.”

साडेसहा हजार रुपयांची बॅटरी आली. आठ दिवस गाडी चांगली वागली. माझी कॉलर ताठ झाली. नवव्या दिवशी, टक्.

मग भाचा एका गॅरेजवाल्याकडे गेला. त्याने गाडीखाली डोकेही न घालता सांगितले, “सेल्फ गेला. पूर्ण नवा टाका. नऊ हजार.” म्हणजे मी न उठता साडेसहा हजार सांगितले होते आणि त्याने न वाकता नऊ हजार. दोघांत फरक काय तो अडीच हजारांचा. भाच्याकडे आता तेवढे पैसे उरले नव्हते, कारण ते मामाच्या सल्ल्यात खर्ची पडले होते.

तरुण माणसाला अडचण आली की तो युक्ती काढतो, आणि युक्ती सापडली की दुरुस्ती विसरतो. आधी त्याने इंजिन बंद करणेच सोडले. माल उतरवताना, जेवताना, पानाच्या टपरीवर, गाडी आपली घरघरत उभी. डिझेल कोणाच्या खिशातून जळते हे सांगायला नको. मग उतार पाहून गाडी लावू लागला. पण बोईसरच्या सपाटीवर उतार शोधणे म्हणजे पंढरपुरात समुद्र शोधण्यासारखे. शेवटी कोणा ड्रायव्हरने त्याला पेचकसाची युक्ती शिकवली.

ही युक्ती समजण्यासाठी वाचकांना थोडे गाडीखाली यावे लागेल. कपडे खराब होणार नाहीत याची हमी देतो.

इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जुळतात तिथे बगलेला एक मोटर बसवलेली असते. तिलाच आमच्याकडे सगळे ‘सेल्फ’ म्हणतात. या मोटरच्या पाठीवर, आईच्या पाठुंगळीला पोर बसावे तसा, एक लहान नळा असतो. तो सॉलेनॉइड. हे नाव अँपिअर या फ्रेंच शास्त्रज्ञाने ठेवलेले, आणि ग्रीक भाषेत त्याच्या मुळाशी नळी असा अर्थ आहे. तारेचे नळीसारखे वेटोळे करून त्यातून वीज सोडली की ते चुंबक होते आणि आतला लोखंडी दांडा ओढून घेते. किल्ली फिरवली की हेच घडते. तो दांडा एकाच हालचालीत दोन कामे करतो. एका टोकाने फोर्क ढकलून सेल्फचे लहान दातेरी चाक इंजिनाच्या फ्लायव्हीलच्या दात्यांत नेऊन बसवतो, आणि दुसऱ्या टोकाची तांब्याची चकती दोन जाड तांब्याच्या बोल्टांवर दाबतो. एका बोल्टला बॅटरी, दुसऱ्याला मोटर. चकती टेकली की पूल जोडला गेला आणि वीज धो धो मोटरमध्ये.

धो धो हा शब्द मी विचार करून वापरला आहे. डिझेल इंजिन फिरवायला दोनशे अँपिअरच्या आसपास, कधी त्याहूनही अधिक प्रवाह लागतो. तेवढा प्रवाह किल्लीतून न्यायचा तर किल्ली क्षणात वितळून जाईल. म्हणून किल्लीने लहान प्रवाह सोडायचा आणि लहानाने मोठ्याला वाट मोकळी करून द्यायची. कारखान्यात मोठ्या मोटरींना काँटॅक्टर असतो तो हेच करतो. मी आयुष्यभर त्याचे जळलेले पॉइंट बदलले, आणि भाच्याच्या गाडीत तेच यंत्र लहान रूपात टक् टक् करून मला हाका मारत होते तर मी बॅटरी सांगून मोकळा झालो! असो. अपमान पुढे आणखी आहे.

त्या नळ्यात वेटोळी दोन असतात, एक ओढणारे आणि एक धरणारे. सातपाटीला होडी वाळूवर घेताना पाहिली असेल त्यांना हे लगेच समजेल. ओढायला दहाजण लागतात, एकदा जागेवर आली की दोर धरायला एक पुरतो. चकती टेकली की ओढणाऱ्या वेटोळ्याच्या दोन्ही टोकांना सारखाच दाब येतो आणि ते आपोआप सुट्टीवर जाते. धरणारे एकटे काम सांभाळते. कोणी केले हे डोके, माणूस नुसता पाहत राहतो.

आता चकती आणि बोल्ट यांची तोंडे जळली असतील तर काय होते? दांडा येतो, ठोकर बसते, टक् असा आवाजही होतो, पण पूल जोडला जात नाही. दाते बसलेले, मोटर मात्र उपाशी. अशा वेळी कोणी खाली शिरून ते दोन जाड बोल्ट बाहेरून पेचकसाने जोडले, की मोटरला वीज मिळते आणि इंजिन फिरते. पण एक अट आहे. त्याच वेळी वर किल्ली कोणी तरी फिरवून धरायला हवी, नाही तर दाते बसणार नाहीत आणि मोटर नुसतीच रिकामी घुईं करील. म्हणजे युक्तीला माणसे दोन लागतात. एक खाली, एक वर.

माघातल्या त्या रात्री खाली भाचा होता. वर मी होतो.

झाले असे की नेहमीचा क्लीनर पोरगा तापाने घरी पडला, म्हणून भाच्याने मला सोबत घेतले. “मामा, चला ना, वाशीचा बाजार दाखवतो.” मलाही घरी बसून कंटाळा आला होता. वाणगावला एका वाडीत तीसेक गोण्या भरून झाल्या. साडेसात वाजले असतील. भाच्याने गाडीत बसून किल्ली फिरवली. टक्. पुन्हा टक्. तो उतरला, सीटमागून लांब पेचकस काढला आणि सराईतपणे डाव्या अंगाने गाडीखाली सरकला. पाय बाहेर, कंबरेपासून वर आत. पुढचे चाक त्याच्या खांद्यापासून हातभर. आतून त्याचा आवाज आला, “मामा, किल्ली मारा आणि धरून ठेवा.”

मी चढून बसलो. किल्ली मारली.

वाडीची जागा रस्त्याकडे किंचित उतरती होती आणि गाडीचा हॅंडब्रेक ढिला होता. म्हणून गोण्या भरायला उभी करताना भाच्याने स्वतःच गाडी रिव्हर्स गिअरमध्ये टाकली होती. चढताना तो क्लच दाबून किल्ली मारी. त्यामुळे त्याला आठवण राहिली नाही. मी तर क्लचवर पाय ठेवलाच नाही, गिअरच्या दांड्याला हात लावून पाहिले नाही. ज्या माणसाने कारखान्यात दररोज पोरांना ‘आधी स्विच बघ, मग हात घाल’ म्हणून ओरडत उमर घालवली, तो मी!

गाडी मागे सरकली. इंजिन चालू झाले नव्हते, नुसत्या सेल्फच्या जोरावर तीस गोण्यांसह ती वीतभर मागे आली. पुढचे चाक भाच्याच्या दिशेने. धक्क्याने त्याच्या हातातला पेचकस बोल्टांवरून निसटला आणि तेवढ्यानेच वीज तुटली. मी हुशारीने काही केले असे कृपा करून कोणी समजू नये. माझा हात किल्लीवर तसाच आवळलेला होता. पेचकस निसटला नसता तर चाक थांबले नसते.

खालून काही क्षण आवाजच आला नाही. ते क्षण मी येथे लिहीत नाही.

मग तो बाहेर आला. सदऱ्याच्या बाहीवर टायरच्या नक्षीचा मातीचा ठसा होता. हाताला लागले नव्हते, नुसता सदरा चाकाखाली चिमटला होता. तो म्हणाला, “मामा, न्यूट्रल,” आणि ओठ कोरडे पडले म्हणून पाणी मागितले.

वाचक विचारतील, मग त्या रात्री गेलात की नाही? गेलो. मिरची भरलेली होती आणि व्यापाऱ्याचा दोनदा फोन येऊन गेला होता. चाकांना दगड लावले, गिअरचा दांडा मी तीनदा हलवून पाहिला, आणि तोच पेचकस, तेच दोन बोल्ट. चिल्हार फाट्याला महामार्ग लागला, घोडबंदरची खाडी आली, तोवर दोघेही गप्प. इंजिन वाटेत कोठेही बंद केले नाही. खाडीच्या पुलावर तो एवढेच म्हणाला, “आईला सांगू नका.” मीही बरे म्हटले, कारण सांगायचे झाले तर किल्ली कोणी मारली तेही सांगावे लागले असते.

दुसरे दिवशी झोप काढून मी मीटर घेऊन त्याच्या अंगणात गेलो. जे काम महिनाभर आधी दहा मिनिटांत झाले असते ते आता केले. गाडी न्यूट्रलमध्ये, चाकांना दगड. बॅटरी पाहिली, साडेबारा व्होल्टच्या वर. उत्तम, साडेसहा हजारांची होती. भाच्याला किल्ली धरायला सांगून सॉलेनॉइडच्या बारीक तारेवर मीटर लावला, तिथेही वीज पोचत होती. म्हणजे किल्ली आणि वायरिंग ठीक. मग मीटरची दोन टोके त्या दोन जाड बोल्टांना लावली. चकती नीट टेकत असेल तर तिथे जवळजवळ शून्य दिसायला हवे, कारण पुलाच्या दोन टोकांत उंचीचा फरक नसतो. मीटरने दाखवले बारा. टक् आवाज झाला, पूल मात्र नव्हता. आणि पेचकसाने सेल्फ जोरात फिरतो हे तर आम्ही जिवावर उदार होऊन सिद्ध केलेच होते. तेव्हा त्याचे कार्बन, आर्मेचर यांना दोष देण्याचे कारण उरले नाही. नऊ हजारांचा सेल्फ बिचारा निर्दोष सुटला.

जुना नमुना दाखवून नवापूर नाक्याजवळ सॉलेनॉइड मिळाला, चौदाशे रुपयांना. जुना बरोबर नेलाच पाहिजे. बाहेरून सारखे दिसणारे आत दांड्याच्या लांबीत फसवतात, आणि मग दाते अर्धवट बसून फ्लायव्हीलची रिंग खातात.

बसवण्याचे काम अवघड नाही, अडचणीचे आहे. पहिले म्हणजे बॅटरीची निगेटिव्ह तार सोडायची, दुसरे काहीही सोडण्याआधी. नाही तर पाना एका बाजूने बोल्टला आणि दुसऱ्या बाजूने गाडीच्या अंगाला लागला की दिवाळी तिथेच होते. सेल्फ उतरवून घेतला. चांगला जड असतो. पाठीवर झोपून उतरवताना तो छातीवर येतो. आमची समुद्राजवळची खारी हवा (वसाहतीच्या हवेबद्दल आम्ही बोईसरकर पाहुण्यांदेखत बोलत नाही) बोल्टांवर हिरवा थर चढवते. त्यामुळे नट सोडताना तांब्याचा बोल्टच फिरू लागला. तो फिरला तर आतली जोडणी तुटते, म्हणून मी खालचा नट दुसऱ्या पान्याने धरून ठेवला. मग दोन स्क्रू, फोर्कमधून दांड्याचे टोक किंचित उचलून सोडवायचे, नवे तसेच अडकवायचे. तोंडे पॉलिश पेपरने घासून लखलखीत केली. परत चढवण्याआधी सेल्फ जमिनीवर पायाखाली दाबून जुन्या तारांनी चालवून पाहिला. दातेरी चाक टण्णकन पुढे आले आणि गरगर फिरले. पायाखाली दाबायचे ते विसरू नये, सेल्फ उडी मारतो.

चहा पिताना मी जुना सॉलेनॉइड करवतीने कापून पाहिला. पूर्वी यांची झाकणे स्क्रूंनी बसवलेली असत. हुशार कारागीर आतली चकती उलटी करी, बोल्ट अर्धा फेरा फिरवून नवी बाजू पुढे घेई, आणि तोच सॉलेनॉइड पुढे वर्षानुवर्षे चाले. आताचे बंदिस्त येतात. चकती बाहेर आली ती कोळशासारखी काळी, एका कडेने कुरतडलेली. दर वेळी पूल तुटताना ठिणगी उडते आणि तांब्याचा कण घेऊन जाते. दिवसातून चाळीसदा गाडी बंद-चालू करणाऱ्याच्या चकतीचे असेच व्हायचे. गंमत म्हणजे ही चकती दांड्यावर सैल असते आणि दर वेळी थोडी फिरते. एखाद्या वेळी शाबूत कड बोल्टासमोर आली की गाडी चालू होते, जळकी आली की टक्. माझ्या बॅटरीने आठ दिवस चमत्कार केला तो हा होता. थोडी बाजू मला घेता येईल. बॅटरी कमजोर असली की दांडा जोराने दाबला जात नाही आणि ठिणग्या अधिक उडतात, तेव्हा जुन्या बॅटरीनेही या चकतीचे वाटोळे करायला हातभार लावला असेल. पण हे मी भाच्याला सांगू लागलो तेव्हा तो चहाच्या कपात पाहत होता.

त्याला मग मी हॅंडलच्या काळातली गोष्ट सांगितली. पूर्वी मोटर चालू करायची तर पुढून लोखंडी हॅंडल घालून फिरवावे लागे, आणि इंजिनाने उलटा झटका दिला की मनगट मोडे. म्हणून जुने ड्रायव्हर अंगठा बोटांच्या बाजूलाच ठेवून हॅंडल धरायला शिकवत. अमेरिकेत केटरिंग नावाच्या इंजिनिअरने विजेचा सेल्फ बसवून दाखवला आणि १९१२ च्या कॅडिलॅक गाड्यांत तो आला. हे गृहस्थ त्याआधी दुकानातल्या गल्ल्याच्या यंत्राला विजेची मोटर बसवत होते. तिथे त्यांच्या ध्यानात आले की मोटरला फक्त क्षणभर राबायचे असेल तर लहानशी मोटरही मोठे ओझे हलवते. म्हणूनच सेल्फ दहा सेकंदांहून अधिक धरू नये. तो क्षणाचा पहिलवान आहे. माणसांची मनगटे वाचावीत म्हणून निघालेले हे यंत्र, आणि आम्ही त्याच्याखाली झोपून पेचकस लावत होतो. हे वाक्य मी मनात म्हटले. भाच्यापुढे म्हणायला तोंड नव्हते.

किल्ली भाच्याने फिरवली. अर्ध्या क्षणात इंजिन लागले. त्याने बंद केले, पुन्हा लावले, पुन्हा बंद केले. असे सातआठदा. “अरे, पुन्हा चकती जाळशील,” मी म्हटले. त्याच संध्याकाळी त्याने हॅंडब्रेकची केबल बदलून घेतली. ती तीनशेची होती. मी न सांगता घेतली, हे मुद्दाम नोंदवतो.

ताई त्या दिवशी चहा घेऊन अंगणात आली होती. वर्तमानपत्रावर ठेवलेल्या काळ्या चकतीकडे पाहून तिने विचारले, “हे रे काय?” मी म्हटले, “काही नाही, भंगार.” सदऱ्याची बाही तिने धुतली तेव्हा मातीचा डाग निघत नव्हता, म्हणून ती मुलावर चिडलीही होती.

ती चकती भंगारात दिलेली नाही, ताई. माझ्या टेबलाच्या खणात आहे. भाऊबीजेला येईन तेव्हा बरोबर आणतो. ओवाळायचे की नाही ते तू ठरव.